बोटांमधून आलेला उजेड

रात्रीची वेळ. एक बाई झोपायच्या तयारीत अर्धवट उघड्या अंगाने बसली आहे. शेजारच्या खुर्चीवर मेणबत्ती जळते आहे. बाईची मान खाली झुकलेली, दोन्ही अंगठे एकमेकांवर दाबलेले, चेहऱ्यावर कमालीची एकाग्रता. काय चाललंय तिचं? जपमाळ? प्रार्थना? बराच वेळ निरखल्यावर उलगडा होतो. ती पिसू मारते आहे. दोन नखांच्या मधोमध धरून.

बस्, एवढंच चित्र. उंची साधारण 120 सेंटिमीटर, रुंदी 90. ते फ्रान्सच्या ईशान्येकडच्या नान्सी शहरातल्या लोरेन संग्रहालयाकडे आहे. चित्रकाराचं नाव जॉर्ज द ला तूर. जन्म 1593चा, वडील पाववाले. सतराव्या शतकात युरोपात घरातली, रात्रीची, एखाद्या मेणबत्तीच्या उजेडातली चित्रं काढायची जी लाट आली, तिच्यातला हा सगळ्यात अजब माणूस. या बाईच्या चित्रात ना देव आहे, ना राजा, ना कुठली गोष्ट. एक खुर्ची, एक मेणबत्ती, एक बाई आणि दिसेल-न दिसेल अशी एक पिसू. तरीही समोरून पाय हलत नाही. कारण चित्रातली खोली खरोखर उजळलेली वाटते.

आता जरा विचार करा. हे चित्र रात्री दालनातले दिवे मालवून पाहिलं तर काय दिसेल? काहीही नाही. ती मेणबत्ती तुम्हाला तिथे असलेली खुर्चीही दाखवणार नाही. कारण ती मेणबत्ती नाहीच. ती तेलात घोटलेली माती आणि धातूंची भुकटी आहे. रंग स्वतःहून उजेड देत नाही, आलेल्यापैकी थोडा परत पाठवतो. पांढऱ्यात पांढरा रंगही फार तर शंभरातले नव्वद भाग परत करील. काळ्यात काळा तैलरंगही दोन-तीन भाग परत करतोच. म्हणजे चित्रकाराच्या हातात सगळ्यात उजळ आणि सगळ्यात काळोख यांच्यातला फरक किती? तीस-चाळीस पट, फार झालं.

आणि खऱ्या खोलीत? ज्योतीचा झगझगीतपणा आणि पलीकडच्या कोपऱ्यातली भिंत यांच्यात काही लाख पटींचा फरक असतो. तो चाळीस पटींत बसवायचा! खजिन्यात चाळीस रुपये आहेत आणि लाखांची खरेदी करायची आहे. मग ही माणसं ती करत कशी होती?

ज्योत अधिक उजळ करण्याचा मार्ग बंद आहे. सफेदा म्हणजे सफेदा, त्याच्यापुढे रस्ता नाही. उरतो एकच उपाय, बाकी सगळं खाली आणायचं. उन्हात काढलेल्या चित्रात सफेदा सगळीकडे सांडलेला असतो, ढगांवर, भिंतींवर, कपड्यांवर. मेणबत्तीच्या चित्रात तो फक्त बोटभर जागेत मिळतो. बाकी सारा कॅनव्हास तपकिरीत बुडवायचा. डोळा शेजारपाजार पाहून उजेड ठरवतो, त्यामुळे काळोखाने वेढलेला तोच सफेदा एकाएकी पेटतो. चित्रकाराने ज्योत रंगवलेलीच नसते, त्याने रात्र रंगवलेली असते.

पण ज्योतीचा रंग पिवळाच का? हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. मायकेल फॅरेडेने 1860च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसमोर मेणबत्ती या एकाच विषयावर अख्खी व्याख्यानमाला दिली होती. तो मुलांना काय दाखवत होता? मेण वितळतं. वातीच्या धाग्यांमधून वर चढतं. तिथे त्याची वाफ होते आणि जळते ती वाफ. पण ज्योतीच्या पोटात हवा पुरेशी पोचत नाही. मग अर्धवट जळालेल्या वाफेतून कार्बनचे अतिसूक्ष्म कण तयार होतात, हजार अंशांच्याही वर तापतात आणि तापलेल्या लोखंडागत पिवळे चमकू लागतात. कडेपर्यंत पोचता पोचता त्यांना हवा मिळते आणि ते जळून नाहीसे होतात. म्हणजे मेणबत्तीचा तो सोनेरी उजेड म्हणजे तापलेली काजळी! ज्योतीत थंडगार चमचा धरा. ते कण जळण्याआधीच पकडले जातात आणि चमचा काळा होतो. आपल्याकडे दिव्यावर भांडं धरून काजळ पाडायचे ते हेच.

आता गंमत बघा. त्या काळच्या चित्रकारांकडे काळा रंग कुठून यायचा? अनेक काळ्यांपैकी एक होता दिव्याची काजळी, तेलात घोटलेली. तोच पदार्थ. तापलेला असताना खोली उजळतो, थंड झाला की चित्रातला अंधार होतो.

या तापलेल्या काजळीच्या उजेडाचा एक स्वभाव आहे. त्यात तांबडं आणि पिवळं भरपूर, निळं जवळजवळ नाहीच. दिवसाच्या उजेडाचं रंगतापमान साधारण साडेपाच हजार केल्व्हिन धरतात, मेणबत्तीचं जेमतेम 1,900. निळ्या वस्तूला परत पाठवायला निळा उजेड मिळालाच नाही, तर ती काय पाठवणार? ती काळपट दिसते. उलट हिंगुळाचा लाल रंग अशा उजेडात निखाऱ्यासारखा उठतो. ला तूरच्या रात्रीच्या चित्रांत मग कोणते रंग दिसतात? लाल, विटकरी, तपकिरी, हस्तिदंती. फ्रान्समधल्या रेन शहराच्या संग्रहालयात त्याचं ‘नवजात’ नावाचं चित्र आहे. दोन बायका आणि कापडात घट्ट गुंडाळलेलं तान्हं बाळ. बाळाची आई लाल कपड्यांत आहे. ही मरियम असेल तर शतकानुशतकं चित्रकारांनी तिच्या अंगावर घातलेला निळा झगा गेला कुठे? डोक्यामागे तेजोवलयही नाही. कुठल्याही गल्लीतली कुठलीही बाळंतीण असावी तशी ती बसली आहे, डोळे अर्धवट मिटून, रात्रभर जागल्यासारखी. मला विचाराल तर येशूच्या जन्माचं यापेक्षा खरं चित्र मी पाहिलेलं नाही. आणि तो येशू नसेल तर त्याहून उत्तम.

मेणबत्तीचा दुसरा स्वभाव अधिक विलक्षण आहे. सूर्यापासून तुम्ही दोन पावलं मागे सरकलात तर काही फरक पडतो का? मेणबत्तीपासून दोन पावलं सरका, खोलीच बदलते. चमचाभर तूप एका पोळीवर पसरलं तर पोळी न्हाऊन निघते. तेवढंच तूप चार पोळ्यांवर पसरायचं म्हटलं तर प्रत्येकीच्या वाट्याला पाव चमचा. उजेडाचं तसंच. ज्योतीपासून अंतर दुप्पट झालं की तोच उजेड चौपट जागेवर पसरतो, म्हणून प्रत्येक जागी पावपटच उरतो. अंतर पाचपट, उजेड पंचविसावा हिस्सा. हा नियम योहानेस केप्लरने 1604 साली प्रकाशावरच्या आपल्या ग्रंथात मांडला. तेव्हा ला तूर अकरा वर्षांचा होता आणि बापाच्या भट्टीच्या आसपास वावरत असणार. त्याने केप्लर वाचला असेल असं मला मुळीच वाटत नाही. गरजही नव्हती. ज्याच्या घरी संध्याकाळनंतर मेणबत्ती हाच उजेड, त्याला हा नियम नाकाच्या शेंड्यावरून आणि कानाच्या पाळीवरून कळतो. नाक उजळ, गाल मध्यम, कान अंधारात! एका चेहऱ्याच्या रुंदीत उजेडाची उतरण संपून जाते. सूर्याला हे जन्मात जमणार नाही.

म्हणूनच मेणबत्तीचा उजेड माणसांना जवळ आणतो. शब्दशः. उजेडात यायचं तर ज्योतीच्या हातभर अंतरात बसावं लागतं. या चित्रांतली माणसं डोकी जुळवून का बसलेली असतात, त्याचं उत्तर भावनेत शोधण्याआधी केप्लरच्या नियमात शोधावं.

बरं, तो उजेडही आपण समजतो तितका गुणी नव्हता. मधमाशांच्या मेणाच्या मेणबत्त्या चर्चसाठी आणि श्रीमंतांसाठी. साध्या घरांत जळायची जनावराच्या चरबीची. तिला वास यायचा, ती ठिबकायची आणि तिची वात दर थोड्या वेळाने कात्रीने छाटावी लागायची. नाही छाटली तर वात लांबत जाऊन धूर ओकायची आणि अर्ध्या तासात उजेड पाचव्या हिश्शाच्याही खाली यायचा. आपल्या मेणबत्तीला हे लाड का लागत नाहीत? कारण तिची वात विणलेली असते. विणीच्या ताणामुळे ती जळताना वळते, तिचं टोक ज्योतीच्या कडेला येतं आणि तिथल्या हवेत जळून जातं. वात स्वतःच स्वतःला छाटते! ही युक्ती आली 1820च्या दशकात. ला तूरच्या काळात कुणीतरी हातात कात्री घेऊन बसायचं. चित्रात ज्योत कशी उभी, शांत, सरळ. तिच्यामागे घरातल्या कुणाची तरी संध्याकाळभराची चाकरी आहे.

आता त्या चित्राकडे येऊ ज्याच्यासाठी मी हे सगळं सांगत बसलो.

पॅरिसच्या लुव्र संग्रहालयात ‘सुतार संत जोसेफ’ नावाचं चित्र आहे, 1640च्या सुमाराचं. सव्वा मीटरहून थोडं उंच. म्हातारा सुतार कमरेत वाकून तुळईला गिरमिटाने भोक पाडतो आहे. कपाळावर आठ्या, दंडाच्या शिरा ताणलेल्या. पायाशी पटाशी आणि लाकडाचा गोल वळलेला छिलका. समोर एक मुलगा बसला आहे, हातात मेणबत्ती. बापाला काम करताना दिसावं म्हणून मुलाने दिवा धरायचा. जिथे जिथे सुतारकाम घरात चालतं, तिथे हे काम घरातल्या पोराकडेच असणार. मुलगा येशू आहे हे तुम्हाला ठाऊक असलं तर त्या तुळईकडे पाहून पोटात कालवतं. ठाऊक नसलं तरी चित्राचं काही अडत नाही.

पण बघायचं ते मुलाचा हात. वाऱ्याने ज्योत हलू नये म्हणून त्याने दुसऱ्या हाताचा आडोसा केला आहे आणि तो हात ज्योत आणि आपण यांच्या मधे आला आहे. बोटं काळी दिसायला हवीत ना? उजेडाआड येणारी वस्तू काळी दिसते. इथे बोटं आतून पेटल्यासारखी तांबूस आहेत. उजेड त्यांच्यातून आरपार येतो आहे. नखांच्या कडेला मळसुद्धा दिसतो. देवाच्या मुलाच्या नखांत मळ!

मोबाइलचा टॉर्च बोटामागे धरून पाहा. बोट लाल होतं. का? रक्तातलं हिमोग्लोबिन निळा आणि हिरवा उजेड गिळून टाकतं, लाल मात्र सोडून देतं. मेणबत्तीत मुळातच लाल जास्त, त्यात हातही लालच पुढे जाऊ देणार. करोनाच्या दिवसांत घरोघरी बोटाला लावायचा तो चिमटा, ऑक्सिमीटर, आठवतो? तो याच वाटेने जातो. बोटाच्या एका बाजूने लाल आणि अवरक्त उजेड सोडायचा, दुसऱ्या बाजूला किती पोचला ते मोजायचं आणि त्यावरून रक्तातला ऑक्सिजन काढायचा.

टॉर्च अजून हातात असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. बोट लाल दिसलं, पण हाड दिसलं का? नाही दिसत. मधोमध एवढं मोठं हाड असताना त्याची सावली का पडत नाही? कारण उजेड बोटातून सरळ जातच नाही. कातडी, चरबी, स्नायू यांच्यात तो असंख्य वेळा इकडून तिकडे फेकला जातो आणि मग कुठून तरी बाहेर पडतो. या धक्काबुक्कीत हाडाची सावली विरघळून जाते. आत शिरला एका जागी, निघाला दुसऱ्याच. माणसाच्या कातडीला जो जिवंतपणा आहे तो या भटकण्यातून येतो. दगडावर उजेड पृष्ठावरूनच परतला की तो दगड दिसतो, कातडीत थोडा आत फिरून आला की ती कातडी दिसते.

संगणकावर माणसं घडवणाऱ्यांना हेच वर्षानुवर्षं जमत नव्हतं. पडद्यावरचे चेहरे प्लास्टिकचे वाटायचे, कारण त्यांच्या गणितात उजेड कातडीवरून उडत होता, आत शिरत नव्हता. 2001 साली हेन्रिक वान येन्सन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आत शिरून भटकणाऱ्या उजेडाचं आटोपशीर गणित मांडलं आणि चित्रपटांतले कृत्रिम चेहरे एकाएकी जिवंत झाले. या कामासाठी पुढे ऑस्कर देणाऱ्या अकादमीने त्यांना तांत्रिक पुरस्कार दिला. आणि इथे साडेतीनशे वर्षांपूर्वी एक पाववाल्याचा मुलगा ब्रशने तेच करून मोकळा झालेला.

कसं केलं असेल? तैलरंगाची एक खुबी इथे कामाला येते. तेलात रंग इतका विरळ करता येतो की त्याचा थर रंगीत काचेसारखा पारदर्शक होतो. खाली उजळ थर द्यायचा, तो वाळू द्यायचा, वर लालसर पातळ हात फिरवायचा. खोलीतला उजेड वरच्या थरातून आत शिरतो, खालच्या सफेद्यावर आपटतो आणि लाल होऊन परत येतो. म्हणजे त्या रंगात उजेड खरोखरच आत जाऊन बाहेर येतो. कातडी जे करते तेच कातडीचं चित्रही करतं!

‘नवजात’मध्ये ला तूर एक पाऊल पुढे गेला. तिथल्या दुसऱ्या बाईने मेणबत्तीपुढे हात असा धरला आहे की ज्योत आपल्याला दिसतच नाही. तिच्या तळहाताची कड उजळली आहे आणि बाळाच्या चेहऱ्यावर एवढा लख्ख उजेड आहे की क्षणभर वाटतं, उजेड बाळातूनच येतो आहे. यात चित्रकाराचा व्यवहारी हिशेबही आहे. जी गोष्ट रंगाने दाखवताच येत नाही, ती हातामागे लपवली की मिटलं. सफेदा ज्योतीशी स्पर्धा करून हरला असता. ज्योत नाहीच म्हटल्यावर स्पर्धा कुणाशी?

ही हाताची युक्ती त्याची एकट्याची नव्हे. त्याच्या आधी कारावाज्जोने रोममध्ये काळोख आणला होता, पण त्याचा उजेड बहुधा चौकटीबाहेरून, तिरपा येतो. दिवा दिसत नाही. तो दिवा आणून चित्राच्या मधोमध ठेवला तो पुढच्या पिढीने. उत्रेख्तहून रोमला आलेल्या गेरिट व्हान हॉन्टहॉर्स्टने मेणबत्त्यांची एवढी चित्रं काढली की इटालियन लोक त्याला ‘रात्रींचा गेरार्दो’ म्हणू लागले. हॉलंडात लायडनच्या गेरिट डाऊने ‘रात्रशाळा’ नावाच्या छोट्याशा चित्रात एकाच खोलीत अनेक दिवे लावले आणि प्रत्येकाचा उजेड वेगळा सांभाळला. हस्तकौशल्य म्हणाल तर डाऊ ला तूरच्या वर. पण त्याचं चित्र पाहताना मी दिवे मोजू लागतो, आणि ला तूरसमोर मोजायला काही उरत नाही.

एक अडचण मात्र सगळ्यांपुढे सारखीच होती. मेणबत्तीच्या उजेडातली खोली रंगवायची तर ती पाहत पाहत रंगवायला हवी. पण मेणबत्तीच्या उजेडात रंग मिसळायचे कसे? पिवळा पांढऱ्यासारखा दिसणार, निळा काळ्यासारखा. रात्री मनासारखं जमलेलं चित्र सकाळी उठून पाहावं तर भलतंच! गेरिट डाऊचा शिष्य गोडफ्रिड स्खाल्केन याने यावर काय तोड काढली ते होरेस वॉलपोल या इंग्रज लेखकाने अठराव्या शतकात सांगितलं आहे. माणूस आणि मेणबत्ती अंधाऱ्या खोलीत बसवायची, भिंतीला भोक पाडायचं आणि आपण बाहेर दिवसाच्या उजेडात बसून भोकातून डोकावत रंगवायचं. एक डोळा रात्रीत, हात दिवसात. हाच स्खाल्केन इंग्लंडला गेला आणि तिसऱ्या विल्यमचं चित्र काढताना त्याने खुद्द राजाच्या हातात मेणबत्ती दिली, अशीही गोष्ट वॉलपोल सांगतो. वितळलेली चरबी राजाच्या बोटांवर ओघळत राहिली आणि चित्रकार रंगवत राहिला. गोष्ट तिखटमीठ लावलेली असेल, पण स्खाल्केनची चित्रं पाहिल्यावर खोटी वाटत नाही.

मग ला तूरने काय केलं? इथे आपल्या काळातला एक गमतीदार वाद आहे. इंग्रज चित्रकार डेव्हिड हॉक्नीने 2001 साली एक पुस्तक लिहून खळबळ उडवली. जुने उस्ताद आरसे आणि भिंगं वापरून कॅनव्हासवर प्रतिमा पाडत आणि ती गिरवत, असा त्याचा दावा. ‘सुतार संत जोसेफ’बद्दल त्याचं म्हणणं असं की मेणबत्तीच्या एवढ्याशा उजेडात अशी प्रतिमा पाडताच येणार नाही, म्हणून ला तूरने म्हातारा आणि मुलगा वेगवेगळे बसवून, चित्राबाहेरच्या एखाद्या दांडग्या उजेडात रंगवले असावेत. खरं खोटं कसं ठरवायचं? माणूस तर 1652मध्येच वारला.

डेव्हिड स्टॉर्क आणि किमो जॉन्सन या दोघांनी संगणकाला विचारलं. पद्धत सोपी आणि फार सुंदर आहे. कुठल्याही वस्तूचं टोक आणि त्या टोकाची सावली यांना जोडणारी रेघ ओढली आणि पुढे वाढवली तर ती कुठे जाते? दिव्याकडेच! चित्रातल्या अशा अनेक जोड्या घ्यायच्या आणि रेघा कुठे एकत्र येतात ते पाहायचं. शिवाय गालाच्या, हाताच्या कडेवर उजेड कसा उतरत जातो, त्यावरूनही दिव्याची दिशा काढता येते. हे दुसरं तंत्र मुळात बनावट फोटो पकडण्यासाठी विकसित झालेलं. फोटोत दोन माणसं शेजारी दाखवली आहेत, पण एकावर उजेड डावीकडून आणि दुसऱ्यावर उजवीकडून, म्हणजे नक्की चिकटवलेलं. त्यांनी जोसेफला आणि येशूला त्याच संशयाच्या पिंजऱ्यात उभं केलं. निकाल? दोघांवरचा उजेड मेणबत्ती रंगवली आहे त्याच जागेच्या आसपासहून येतो. ला तूर निर्दोष सुटला.

तरीही तो एक लबाडी करतोच, आणि मला ती फार आवडते. मुलाचा चेहरा ज्योतीपासून वीतभर. जमीन मीटरभर लांब. केप्लरच्या हिशेबाने जमिनीवरच्या छिलक्यावर चेहऱ्याच्या पंचविसाव्या हिश्शाएवढा उजेड पोचायला हवा, म्हणजे कॅनव्हासवर तो जवळपास काळाच हवा. चित्रात तो स्वच्छ दिसतो, त्याच्या वळणासकट. चुकलं? नाही. उजेड पंचवीस पट कमी झाला तरी आपल्या डोळ्याला तो तेवढा कमी वाटतच नाही. डोळा अंधारात सरावतो, प्रचंड फरक दाबून छोटे करतो आणि आपल्याला छिलका दाखवतो. कॅमेरा तिथे आंधळा होईल. ला तूरने उजेडमापक ठेवून मोजलेली खोली रंगवलेली नाही. त्या खोलीत अर्धा तास बसलेल्या माणसाला दिसणारी खोली रंगवली आहे. लाखांचा सौदा चाळीस रुपयांत कसा पटवायचा याचं अर्धं उत्तर आधीपासून आपल्याच डोळ्यांत होतं.

एवढी निरव शांतता रंगवणारा माणूस स्वभावाने कसा असेल? कागदपत्रं सांगतात, तापट आणि तोऱ्यात वागणारा. 1646 साली तो राहायचा त्या ल्यूनेव्हिल गावच्या लोकांनी लोरेनच्या ड्यूककडे तक्रार केली की हा गावचा जहागीरदार असल्यासारखा कुत्र्यांचा तांडा बाळगतो आणि ससे मारण्यासाठी ते उभ्या पिकात सोडतो. भोवती काळही भयंकर होता. तीस वर्षांचं युद्ध, प्लेग, उपासमार. 1638मध्ये फ्रेंच सैन्याने ल्यूनेव्हिल जाळलं. त्याच फ्रान्सच्या तेराव्या लुईचा हा पुढच्याच वर्षी राजचित्रकार म्हणून नोंदलेला दिसतो! काल्मे नावाच्या पाद्री-इतिहासकाराने 1751मध्ये लिहून ठेवलं आहे की ला तूरने राजाला संत सेबास्टियनचं रात्रीचं चित्र भेट दिलं आणि राजाने आपल्या खोलीतली बाकीची सगळी चित्रं काढायला लावून ते एकटंच ठेवलं.

1652च्या जानेवारीत दोन आठवड्यांच्या अंतराने बायको गेली आणि तो गेला. आणि मग जग त्याला साफ विसरलं. चित्रं होती, नाव गेलं. कुणी ती ल नँ बंधूंची म्हणे, कुणी हॉन्टहॉर्स्टची, कुणी स्खाल्केनची. दिवसाच्या उजेडातली स्पॅनिश उस्तादांच्या नावावर खपली. 1915 साली, महायुद्ध चालू असताना, हेर्मान फॉस या जर्मन अभ्यासकाने रेन आणि नाँतमधली चित्रं जुन्या कागदांतल्या नावाशी जुळवली आणि अडीचशे वर्षांनी माणूस परत उभा राहिला. जोसेफचं चित्र इंग्लंडमध्ये सापडलं, पर्सी मूर टर्नर या चित्रविक्रेत्याने 1948मध्ये लुव्रला दिलं. पिसूवाली बाई उजेडात यायला 1955 उजाडलं. आज त्याची म्हणून मानली जाणारी चित्रं चाळीसच्या आसपास आहेत.

हाताआडच्या ज्योतीचं एक चित्र आपल्याही ओळखीचं आहे. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात, सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचं. साडी नेसलेली तरुणी, एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा त्याला आडोसा, बोटांच्या कडा तांबूस, मागे भिंतीवर मोठी सावली. मॉडेल म्हणून उभी होती त्यांची स्वतःची मुलगी. याचा ला तूरशी संबंध जोडायचं कारण नाही, दिवा आणि हात दोन्हीकडे सारखे म्हणून प्रश्न सारखा. पण हळदणकरांनी तो सोडवला जलरंगात, आणि इथे तोंडात बोट घालावं. तैलरंगात अंधारावर शेवटी सफेदा ठेवता येतो. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग वापरतच नाहीत, तिथे उजेड म्हणजे कोरा सोडलेला कागद. म्हणजे उजेड कुठे असणार हे पहिल्या फटकाऱ्याआधी ठरलेलं हवं, आणि मग त्याच्याभोवती अंधार थराथराने चढवत न्यायचा. एकदा तिथे ओघळ गेला की गेला. माघार नाही.

ला तूरची चित्रं अडीचशे वर्षं दुसऱ्यांच्या नावावर टांगली गेली. हळदणकरांच्या या चित्रासमोर उभे राहून आजही कितीतरी जण शेजारच्याला सांगतात, राजा रविवर्म्याचं आहे हे.